ऋतुभान : सजग जगण्याचा एक अभ्यासमार्ग

प्रस्तावना

मार्च महिन्याचा उत्तरार्ध हा महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या वर्षातील सर्वाधिक धावपळीचा काळ होय. परीक्षांचे पर्यवेक्षण, उत्तरपत्रिकांची तपासणी, अंतर्गत गुणांच्या याद्या आणि वार्षिक अहवाल यांत तो गढून गेलेला असतो. नेमक्या याच सुमारास आवारातील पिंपळ आपली जुनी पाने टाकून देतो आणि तांबूस, चकचकीत पालवी धारण करतो. काही दिवसांतच ती लाली ओसरते व झाड पुन्हा हिरवे दिसू लागते. पर्यवेक्षणासाठी खिडकीजवळ तीन तास उभा असलेला प्राध्यापक या घटनेच्या अगदी समोर असतो, तरीही ती घडून गेल्याचे त्याला क्वचितच कळते. प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत असे किमान पंधरा वर्षे घडले, हे प्रारंभीच नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

सजगतेने, आनंदाने आणि निसर्गाशी सुसंवाद राखून जगावे, हा विचार आज व्याख्यानांतून, शिबिरांतून व वृत्तपत्रीय सदरांतून सातत्याने मांडला जातो. त्या विचाराशी मतभेद असण्याचे कारण नाही. अडचण एवढीच, की तो बहुधा उपदेशाच्या पातळीवर राहतो. निसर्गाशी सुसंवाद साधावयाचा म्हणजे सोमवारी सकाळी साडेदहा वाजता, दोन तासिकांच्या मधल्या वेळात, नेमके काय करावयाचे याचा उलगडा त्यातून होत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे एक मर्यादित उत्तर मांडले आहे. एकाच ठिकाणी राहून एखाद्या झाडाचे वर्षानुवर्षे निरीक्षण करणे आणि त्याची लेखी नोंद ठेवणे, या साध्या कृतीतून सजगता, आनंद व सुसंवाद या तिन्ही गोष्टी परस्परांशी जोडल्या जातात. त्यातून नोंद वगळली, तर उरते ती केवळ हळहळ किंवा कौतुक. या नोंदीवर आधारलेल्या जाणिवेस येथे 'ऋतुभान' असे म्हटले आहे.

सजगता, स्मृती आणि अवधान

'माइंडफुलनेस' हा शब्द आज मानसशास्त्राच्या परिभाषेत रूढ झाला आहे. त्याचे मूळ पाली भाषेतील 'सति' या शब्दात आहे. बौद्ध ग्रंथांचे अभ्यासक टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये 'सति'साठी हा इंग्रजी प्रतिशब्द योजला. पुढे १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ताणनिवारणाचा अभ्यासक्रम सुरू केला आणि हा शब्द विहारांतून रुग्णालयांत आला. या प्रवासात एक गोष्ट मागे पडली. 'सति' म्हणजे संस्कृतातील 'स्मृती'. त्या शब्दात केवळ वर्तमान क्षणाची जाणीव अभिप्रेत नसून लक्षात ठेवणे, विसरू न देणे हाही अर्थ आहे. आजच्या प्रचलित मांडणीत सजगता म्हणजे भूतकाळ व भविष्यकाळ बाजूस सारून क्षणात राहणे, असे सांगितले जाते. तथापि, समोरच्या झाडाला गेल्या वर्षी या सुमारास पाने होती की नव्हती हे ज्याला आठवत नाही, त्याला आज दिसणारी पालवी लवकर आली की उशिरा हे कळणार नाही. त्याची सजगता त्या क्षणापुरती खरी असली तरी ती आंधळी राहील.

मराठीस याहून जवळचा शब्द आहे तो 'अवधान'. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागितले आहे, हे मराठीच्या अध्यापकांस सांगावयास नको. तेथील अवधान बाहेर वळलेले आहे. जे सांगितले जात आहे त्याला चित्त देणे, असा त्याचा रोख आहे. डोळे मिटून आत पाहणे ही एक साधना झाली. डोळे उघडे ठेवून बाहेरच्या एका वस्तूस दीर्घकाळ चित्त देणे ही दुसरी. या लेखाचा संबंध दुसरीशी आहे.

आधुनिक मानसशास्त्रात या दिशेने झालेले काम प्राध्यापकवर्गास विशेष उपयोगी आहे. रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने १९८९ च्या आपल्या ग्रंथात अवधानाचे दोन प्रकार कल्पिले. उत्तरपत्रिका तपासताना लागते ते प्रयत्नपूर्वक, इतर विचारांना दाबून धरणारे अवधान, आणि ते थकते. हलती पाने, ढग किंवा वाहते पाणी पाहताना लागते ते अनायास अवधान, आणि त्या काळात पहिल्यास विसावा मिळतो. रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यासही या संदर्भात नेहमी उद्धृत केला जातो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले, असे त्यात आढळले. हा अभ्यास अवघ्या २३ जोड्यांचा होता आणि रुग्णालयातील मुक्कामातील सरासरी फरक एका दिवसाहूनही कमी होता. त्याच्या आधारे झाडांना औषध ठरवणे घाईचे होईल. शिवाय औषध म्हणून झाडाकडे पाहणारा माणूस झाडाकडे पाहतच नसतो, तो स्वतःच्या प्रकृतीकडे पाहत असतो.

चैत्रपालवीचे कोडे

पाहणे आणि जाणणे यांतील अंतर स्पष्ट होण्यासाठी आपल्या परिचयाचेच उदाहरण घेऊ. 'चैत्रपालवी' हा शब्द मराठीत इतका रुळलेला आहे की त्यात काही विलक्षण आहे असे वाटत नाही. पण क्षणभर विचार करावा. महाराष्ट्राच्या पठारी भागात ऑक्टोबरनंतर पाऊस जवळजवळ नसतो. मार्च-एप्रिलपर्यंत जमिनीचा वरचा थर कोरडा पडतो, विहिरी खोल जातात, गवत वाळून पिवळे होते. हवा वर्षातील सर्वाधिक कोरडी, ऊन सर्वाधिक तीव्र. पाऊस अजून दोन महिने दूर असतो. कोवळी पाने फुटण्यास याहून प्रतिकूल काळ कल्पिता येणार नाही. असे असूनही कुसुम, पिंपळ, करंज, कडुनिंब ही झाडे याच काळात पालवतात. कुसुमाची पालवी तर अशी लालभडक असते की दुरून पाहणाऱ्यास झाड फुलले आहे असेच वाटावे.

वनस्पतिशास्त्रज्ञांनाही हे कोडे वाटले. एलियट, बेकर आणि बोर्शर्ट यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात आशियाई मोसमी वनांतील या घटनेस 'विरोधाभास' असाच शब्द वापरला आहे. त्यांच्या मते पालवी फुटण्याची खूण पावसाची नसून दिवसाच्या लांबीची आहे. वसंतसंपाताच्या सुमारास दिवस वाढत असतो, आणि तो बदल वृक्षाला कळतो. पुण्याच्या अक्षांशावर सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांत दोन तासांहून थोडाच अधिक फरक आहे. आपल्याला तो क्वचितच जाणवतो, पण झाडाला तेवढा पुरतो. पाणी कोठून येते, याचेही उत्तर त्यांनी दिले आहे. खोल मुळे जमिनीच्या खालच्या थरांतील, मागील पावसाळ्यात मुरलेले पाणी उपसतात. जुनी पाने गळून गेल्यामुळे बाष्पीभवन थांबते आणि खोडात पुन्हा पाणी साठते. म्हणजे चैत्रातील पालवी ही गेल्या श्रावणातील पाण्यावर उभी असते.

पण पावसाची वाट न पाहण्यात झाडाचा लाभ कोणता? याचे एक उत्तर दक्षिण भारतातील मुदुमलाईच्या वनातून मिळाले. के. एस. मुरली आणि आर. सुकुमार यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की कोरड्या ऋतूत पालवणाऱ्या झाडांच्या पानांचे किडींपासून होणारे नुकसान, पाऊस सुरू झाल्यावर पालवणाऱ्या झाडांच्या तुलनेत कमी असते. पावसासोबत पाने खाणाऱ्या किडींची संख्या झपाट्याने वाढते. तोपर्यंत चैत्रातील पान जून व कठीण झालेले असते. पहिल्या सरीच्या वेळी पूर्ण तयार पर्णसंभार घेऊन झाड उभे असते, हा आणखी एक लाभ. सर्व झाडे मात्र या वाटेने जात नाहीत. साग हा याचा ठळक अपवाद. सारे आवार हिरवे झाले तरी तो ओकाबोका उभा राहतो आणि पावसाची चाहूल लागल्यावरच मोठी पाने काढतो.

हे सारे समजल्यावर खिडकीबाहेरचा पिंपळ पूर्वीसारखा राहत नाही. ज्ञानामुळे सौंदर्यानुभव कोमेजतो अशी एक जुनी तक्रार आहे, पण लेखकाचा अनुभव नेमका उलट आहे. आनंदाचा मोठा भाग अपेक्षेत आणि ओळखीत असतो. आता पाने गळतील, आता लाली येईल, सागाला अजून अवकाश आहे, अशी वाट पाहणे ज्याला साधले त्याच्या वर्षाला परीक्षा आणि सुट्ट्या यांखेरीज दुसरे एक वेळापत्रक मिळते.

नक्षत्रांचा पाऊस आणि सरकणारे पंचांग

ऋतूंचे भान आपल्या समाजात नव्हते असे नाही. ते पंचांगात, शेतीच्या कामांत आणि सणांत विणलेले होते. पावसाळ्याचे दिवस मराठी शेतकरी आजही सूर्यनक्षत्रांनी मोजतो. सूर्य सुमारे ७ किंवा ८ जूनला मृगात प्रवेश करतो, पुढे साधारण तेरा-चौदा दिवसांच्या अंतराने आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा अशी नक्षत्रे येतात आणि सप्टेंबरच्या अखेरीस हस्त लागते. हस्ताच्या पावसाला हत्तीचा पाऊस म्हणण्याची रीत आणि पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरण्याचा हादगा अथवा भोंडला यांचा संबंध सर्वश्रुत आहे. पहिल्या पावसानंतर जमिनीवर दिसणाऱ्या मखमली लाल किड्याला मृगाचा किडा म्हणतात. पावशाच्या ओरडण्यात 'पेरते व्हा' असे शब्द ऐकू येतात. वस्तुतः तो त्या पक्ष्याच्या विणीच्या हंगामातील साद घालण्याचा प्रकार आहे, परंतु तो हंगाम आणि पेरणी एकाच वेळी येत असल्याने माणसाने तो निरोप आपल्यासाठी मानला. परिसराशी असा संवाद साधणारी भाषा ही मोठी ठेव आहे.

मात्र या ठेवीकडे केवळ श्रद्धेने पाहणे पुरेसे नाही. नक्षत्रांवर आधारलेले नाक्षत्र वर्ष हे ऋतूंवर आधारलेल्या सायन वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे. हा फरक साचत जातो आणि साधारण ७१-७२ वर्षांत सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या तुलनेत एका दिवसाने पुढे सरकतो. याच कारणाने उत्तरायण प्रत्यक्षात २१-२२ डिसेंबरला सुरू होत असताना मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीस येते. ज्ञानेश्वरांचा काळ आजपासून सव्वासातशेहून अधिक वर्षे मागे आहे. तेव्हा सूर्य मृगात प्रवेश करीत असे तो आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे सुमारे दहा दिवस आधी. मृग आणि मोसमी पावसाचे आगमन यांचा आज जो मेळ आपणांस सनातन वाटतो, तो आपल्या काही शतकांपुरता आहे. पुढील पिढ्यांसाठी तो हळूहळू सैल होत जाईल.

चांद्रमासांची स्थिती याहून अस्थिर. अधिक मासामुळे चांद्र वर्ष ऋतूंशी जुळवून घेतले जाते, परंतु दरम्यान सण मागेपुढे होतात. २०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला आला, २०२६ मध्ये तो १९ मार्चला आला. एकवीस दिवसांचे हे अंतर कडुनिंबाच्या दृष्टीने फार मोठे आहे. पाडव्याला आपण त्याची कोवळी पाने व फुले खातो, पण एखाद्या वर्षी झाड मोहोरलेले असते तर एखाद्या वर्षी पाने नुकतीच फुटत असतात. भारत सरकारने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने सायन वर्षावर आधारित राष्ट्रीय दिनदर्शिका सुचवली आणि २२ मार्च १९५७ पासून ती अमलात आली. शासकीय कागदपत्रांवरील एका ओळीपलीकडे ती आपल्या जीवनात उतरली नाही, याची खंत वाटते. ऋतूंच्या नोंदींसाठी तिच्याइतकी सोयीची दुसरी भारतीय कालगणना नाही.

बहाव्याविषयीचा एक लोकसमजही येथे तपासण्याजोगा आहे. बहावा फुलल्यानंतर सुमारे पंचेचाळीस दिवसांनी पाऊस येतो, असे सांगितले जाते. समाजमाध्यमांतून दर उन्हाळ्यात हा संदेश फिरतो, आणि विद्यार्थी तो शास्त्रीय सत्य म्हणून वर्गात मांडतात. बहावा बहुधा एप्रिल-मे महिन्यांत फुलतो आणि पाऊस जूनच्या पूर्वार्धात येतो, तेव्हा हा हिशेब दर वर्षी थोडाफार जुळणारच. एखाद्या वर्षी पाऊस उशिरा आला तर त्या वर्षी बहावाही उशिरा फुलला होता का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळण्यासाठी प्रत्येक वर्षाच्या दोन तारखा पुरेशा आहेत, पण त्या सलग वीस वर्षांच्या हव्यात. शिवाय झाड 'फुलले' असे केव्हा म्हणावयाचे, पहिली कळी उमलली तेव्हा की निम्मे झाड पिवळे झाले तेव्हा, हे आधी ठरवावे लागेल. लोकसमज खोडून काढणे सोपे आहे आणि मिरवणेही सोपे आहे. त्याची तारीखवार परीक्षा घेणे मात्र कोणी केलेले दिसत नाही.

नोंदवहीचे मोल

अशा नोंदी अन्यत्र टिकल्या आहेत. जपानमधील क्योटो येथील साकुरा वृक्षांच्या पूर्ण बहराच्या तारखा नवव्या शतकापासून मिळतात. ओसाका येथील प्राध्यापक यासुयुकी आओनो यांनी दरबारी मंडळी, भिक्षू व राज्यकर्ते यांच्या जुन्या रोजनिश्या चाळून त्या जमवल्या. रोजनिशी लिहिणाऱ्यांच्या मनात विज्ञान नव्हते. फुले पाहण्याच्या मेजवानीस आज गेलो, एवढीच त्यांची नोंद. परंतु त्या नोंदींमुळेच २०२१ मध्ये २६ मार्चला आलेला बहर हा बाराशे वर्षांतील सर्वांत लवकरचा बहर ठरला, हे सांगता आले. अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५० च्या दशकात काँकर्ड गावाच्या परिसरात शेकडो वनस्पतींच्या फुलण्याच्या तारखा टिपून ठेवल्या. सुमारे दीडशे वर्षांनी रिचर्ड प्रिमॅक व अब्राहम मिलर-रशिंग यांनी त्याच परिसरात फिरून तुलना केली, तेव्हा नेहमीच्या ४३ जाती सरासरी एक आठवडा आधी फुलू लागल्याचे दिसून आले. वॉल्डन तळ्याकाठच्या एकांतवासासाठी आपण थोरोंना ओळखतो. तो वास दोन वर्षे व दोन महिन्यांचा होता. नोंदवही मात्र त्यांनी पुढेही अनेक वर्षे, गावात राहून, जमीनमोजणीचा व्यवसाय करीत असताना चालू ठेवली होती.

मराठीत या वृत्तीचे सर्वश्रेष्ठ उदाहरण म्हणजे दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६). मराठी महिन्यांच्या क्रमाने लिहिलेले हे पुस्तक आपण ललित गद्याचा आदर्श म्हणून शिकवतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातील निरीक्षणे वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यासोबत बसून, आजच्या त्याच महिन्यातील झाडांशी ताडून पाहण्याचा उपक्रम मराठी विभागांनी घेतल्याचे फारसे आढळत नाही. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्यातील दीर्घ सेवेत जंगलातील माणसांकडून शब्द गोळा केले, नवे घडवले आणि पक्षिकोशासारखे ग्रंथ सिद्ध केले. तेही बव्हंशी साहित्याच्या कप्प्यात राहिले आहेत. बहुविद्याशाखीय असे आपण म्हणतो ते येथे खऱ्या अर्थाने शक्य आहे. झाडाची ओळख वनस्पतिशास्त्राची, पावसाचे आकडे भूगोलाचे, सरासरी व विचलन सांख्यिकीचे, शब्द मराठीचे, आणि जुन्या दप्तरांतील दुष्काळाच्या व पेरणीच्या तारखा इतिहासाच्या.

स्मरणशक्तीवर विसंबून हे काम होत नाही, याचा धडा लेखकाला स्वतःच्या चुकीतून मिळाला. ग्रंथालयामागील काटेसावरीचे पहिले फूल कोणत्या दिवशी दिसते याची नोंद ठेवण्यास प्रारंभ केल्यावर दुसऱ्या वर्षी ते फूल बरेच लवकर आल्याचे आढळले. हवामानबदलाचा दाखला म्हणून ही गोष्ट लेखकाने उत्साहाने वर्गात सांगितली. पुढे नोंदवही पुन्हा चाळली असता लक्षात आले, की पहिल्या वर्षी त्या झाडाकडे जाणे आठवड्यातून एकदाही झाले नव्हते, दुसऱ्या वर्षी मात्र रोज होत होते. बदलले होते ते झाड नव्हे, पाहणाराच बदलला होता. तेव्हापासून फूल दिसले त्या तारखेबरोबर, त्याआधी झाड अखेरचे कधी पाहिले आणि तेव्हा फूल नव्हते, ही तारीखही लिहिली जाते. रिकाम्या निरीक्षणाला एवढे मोल असते हे तोवर ध्यानी आले नव्हते.

आवारातील व्यवहार

सुसंवाद हा शब्द येथे प्रत्यक्ष व्यवहाराशी येऊन भिडतो. मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वी हरित लेखापरीक्षणाचा अहवाल तयार करणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. झाडांची संख्या, शास्त्रीय नावे, खोडाचा घेर असे सारे रकाने त्यात होते. कोणते झाड कधी पालवते, कधी फुलते, त्यावर कोण घरटे बांधते, यासाठी रकाना नव्हता आणि तो नसल्याचे समितीतील कोणासही जाणवले नाही. परिणाम लवकरच दिसला. पावसाळ्यापूर्वीची छाटणी म्हणून एप्रिलच्या अखेरीस आवारातील करंजांच्या फांद्या उतरवण्यात आल्या. झाडांना तेव्हा नवी पालवी होती, आणि एका करंजावर कावळ्याचे घरटे होते. कावळ्याची वीण साधारण एप्रिल ते जून या काळातच होते. ठेकेदाराचा दोष नव्हता. आदेशावर तारीख आम्हीच घातली होती. वाळलेल्या फांद्या व तारांना अडणारे भाग हिवाळ्यात, पालवी फुटण्यापूर्वी उतरवता आले असते. वर्षाची एक साधी नोंद हाती असती तर हे आधीच सुचले असते.

पानगळीबाबतही हेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये आवार झाडून पाने पेटवून देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. झाडाने जमिनीवर टाकलेले आच्छादन उन्हाळ्यात ओल धरून ठेवते आणि पावसाळ्यात कुजून खत होते. ते जाळून पुन्हा विकतचे खत आणणे हा हिशेबाच्या दृष्टीनेही तोट्याचा व्यवहार होय.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्णयानंतर पर्यावरण शिक्षण हा पदवी अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग होण्याची वाट मोकळी झाली. त्या विषयाचा प्रकल्प आज बहुतांश विद्यार्थ्यांसाठी कोठून तरी उतरवून काढलेली वीस पाने व प्लास्टिकचे मुखपृष्ठ एवढाच असतो, हे आपण सारे जाणतो आणि त्याला गुणही देतो. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्यास आवारातील अथवा घराजवळील एक झाड नेमून द्यावे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, कोवळी पाने, जून पाने, कळ्या, फुले, कच्ची फळे, पिकलेली फळे या प्रत्येकासमोर 'नाही', 'थोडे' किंवा 'पुष्कळ' यांपैकी एक शब्द लिहावा. भारतात 'सिझनवॉच' हा नागरिक-विज्ञान उपक्रम याच स्वरूपाच्या साप्ताहिक नोंदी शाळा व नागरिक यांच्याकडून जमवतो. यासाठी पाच मिनिटे पुरतात आणि उपकरण कोणतेही लागत नाही. उतरवून काढण्याची सोयही राहत नाही, कारण त्या झाडाविषयी कोठेही काही लिहिलेले नसते.

येथे एक आक्षेप संभवतो. फुले पाहावयाचीच तर साताऱ्याजवळील कास पठारावर सहल काढावी, विद्यार्थी आनंदाने येतील. पश्चिम घाटातील निवडक स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कासचा समावेश आहे, आणि ते पाहण्यासारखे आहे यात शंका नाही. पण सप्टेंबरातील सुट्टीच्या दिवशी तेथे लोटणारी गर्दी, वाहनांच्या रांगा आणि छायाचित्रांची घाई पाहिली म्हणजे हा आनंद ऋतूचा की सहलीचा असा प्रश्न पडतो. फुलांपूर्वी तेथे काय असते आणि नंतर काय उरते, हे पाहावयास कोणी थांबत नाही.

आपल्या पेशाला या कामी एक विशेष अनुकूलता आहे. प्राध्यापक एकाच आवारात वीस-तीस वर्षे काढतो, आणि दर वर्षी त्याच्या हाताशी नवे तरुण डोळे येतात. या कालावधीचे माप म्हणून कारवीचे उदाहरण सांगता येईल. सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारे हे झुडूप सात वर्षे केवळ वाढते, आठव्या वर्षी एकाच वेळी निळ्या-जांभळ्या फुलांनी बहरते, बी धरते आणि मरते. तिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती कोकणात व मावळात पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तिचा बहर २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये आला. अठ्ठाविसाव्या वर्षी रुजू होऊन साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या अध्यापकाच्या वाट्याला असे चार बहर येतात. २०२४ च्या बियांतून रुजलेली रोपे आता उतारांवर उभी आहेत आणि त्यांचा बहर २०३२ मध्ये अपेक्षित आहे. दरम्यानच्या वर्षांत त्यांची उंची दर जूनमध्ये मोजावी, कोणत्या उतारावर ती आधी वाढतात हे पाहावे, आणि एकटेदुकटे झुडूप वेळेआधी फुललेच तर त्याची तारीख वेगळ्या पानावर लिहून ठेवावी.